बिघडले नाही, बदलले आहे



या सदरात आपण घरातल्या कॉम्प्युटरच्या लहानमोठ्या अडचणी पाहत असतो. या वेळी मनमाडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी आहे. त्यातला कामाचा भाग तेवढा इथे देतो.

“मी अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या बाबांनी २०२१ साली, शाळा मोबाईलवर चालू होती तेव्हा, तिच्यासाठी जुना कॉम्प्युटर साडेनऊ हजारांना घेतला. मागच्या वर्षी ते वारले. विंडोज १० जुने झाले, नवे टाका, असे स्क्रीनवर येऊ लागले म्हणून दिराच्या मुलाने विंडोज ११ टाकायला घेतले. दोन दिवस खटपट केली. नवे तर बसले नाहीच, जुने चालत होते तेही बंद पडले. आता काळ्या स्क्रीनवर इंग्रजी ओळ येते, बूट डिव्हाईस सापडत नाही म्हणते. दुकानात नेला. ते म्हणाले, हार्ड डिस्क गेली, आतले काही मिळणार नाही, नवा घ्या, बावीस हजार लागतील. तेवढे माझ्याजवळ नाहीत. पण पैशाचे राहू द्या. मुलीच्या बाबांचे सगळे फोटो त्याच्यात आहेत. मोबाईलमधून काढून त्यांनीच भरले होते आणि मग मोबाईल विकला. ते फोटो गेले का, एवढे कळवा.”

पत्राखाली फोन नंबर होता. उत्तर अंकात छापून येईपर्यंत वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून फोन केला. मुलगी बोलली. तिला एकच प्रश्न विचारला, “बंद पडण्याच्या आधी शेवटचे काय बदलले?” तिने चुलत भावाला विचारून सांगितले, “विंडोज ११ घेत नव्हते म्हणून त्याने बायोसमध्ये लेगसीचे यूईएफआय केले.”

कोडे इथेच सुटले. पण ते कसे सुटले हे सर्वांनी समजून घ्यावे, कारण हीच चूक आज अनेक घरांत होत आहे.

झाले काय होते?

कॉम्प्युटरचे बटण दाबले की विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला आपण बायोस म्हणतो. की-बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क जागेवर आहे का, ते तो पाहतो आणि मग डिस्कवरचे विंडोज शोधून त्याच्या हाती कारभार देतो. विंडोज शोधण्याच्या त्याच्या पद्धती दोन. जुन्या पद्धतीला लेगसी म्हणतात. तिच्यात तो डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यावर लिहिलेली सूचना वाचतो. नव्या पद्धतीला यूईएफआय म्हणतात. तिच्यात तो डिस्कच्या एका वेगळ्या लहान भागात ठेवलेली ठरावीक फाईल शोधतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कची मांडणी एमबीआर आणि नव्या पद्धतीची जीपीटी, एवढी दोन नावे लक्षात ठेवा. पुढे ती परत येणार आहेत.

साधे उदाहरण घेऊ. चाळीत पोस्टमन खोलीचा नंबर बघून दारात पत्र टाकतो. नव्या इमारतीत तळमजल्यावर पेट्या असतात, तो पेटीत टाकतो. आता पोस्टमनला कोणी सांगितले, की यापुढे फक्त पेट्याच बघायच्या. तो चाळीत येईल, पेटी दिसणार नाही, आणि “पत्ता सापडत नाही” असा शेरा मारून पत्र परत नेईल. म्हणून खोलीतला माणूस कुठे गेला का? तो आपला घरातच आहे.

त्या भगिनीच्या घरी नेमके हेच झाले. कॉम्प्युटर जुना, त्यातले विंडोज १० लेगसी पद्धतीने बसवलेले. भावाने बायोसला सांगितले, नव्या पद्धतीनेच शोध. बायोसने शोधले, त्याला ती फाईल मिळाली नाही, आणि त्याने तसे स्क्रीनवर लिहिले. डिस्क चांगली होती, विंडोज चांगले होते, फोटोही जागेवर होते.

मुलीला सांगितले, बटण दाबल्याबरोबर एफ-२ दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे डिस्कच्या यादीत डिस्कचे नाव दिसते का ते आधी वाचून दाखव. तिने नाव आणि आकडे वाचून दाखवले. नाव दिसते म्हणजे मदरबोर्ड आणि डिस्क यांचे बोलणे चालू आहे. मग यूईएफआय होते तिथे पुन्हा लेगसी केले, बदल जतन केला आणि कॉम्प्युटर परत सुरू झाला. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, “विंडोज आलं.” मागून आई विचारत होती, “आणि फोटो?” फोटो होते.

दुकानदाराला नावे ठेवून उपयोग नाही. पण आपण एवढे शिकावे, की बायोसच्या यादीत डिस्कचे नाव दिसत असेल तर “डिस्क गेली” हे लगेच मान्य करू नये. नाव दिसूनही डिस्क आजारी असू शकते, पण तिच्यातले काढून घेण्याची आशा असते. आणि नाव दिसत नसेल तरी आधी केबल ढिली आहे का ते पाहावे.

पहिला नियम : आधी घरची पुंजी बाहेर काढा

बायोसमधला बदल मागे घेता येतो. पण विंडोज बसवताना एक पान असे येते की तिथली चूक मागे घेता येत नाही. कोणत्या डिस्कवर बसवायचे हे विचारणारे ते पान. तिथे डिलीट आणि फॉर्मॅट असे शब्द असतात. हे शब्द दाबले की त्या भागातले सारे गेले असे समजा. दिराच्या मुलाची गाडी त्या पानापर्यंत पोचली नाही, हे त्या घराचे नशीब.

म्हणून नवी सिस्टीम टाकण्याआधी फोटो, दाखल्यांचे स्कॅन, मार्कशीट, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे कागद बाहेर काढून ठेवा. प्रती दोन करा. एक पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घरात, दुसरी बहिणीच्या नाहीतर भावाच्या घरी. सरकारी दाखले २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात. फोटोंची प्रत मात्र आपली आपणच करायची असते.

विंडोज सुरूच होत नसेल तर? तरीही मार्ग आहे. लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम पेन ड्राइव्हवरूनच चालू करता येते. डिस्कवर काही न बसवता “फक्त वापरून पाहा” असा पर्याय त्यात असतो. ती सुरू झाली की डिस्कमधल्या फाईल दिसतात. तिथून त्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. दुकानात “डेटा काढून द्या” म्हणण्याआधी हे घरी करून पाहावे.

इथे एक सावधगिरी आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कला आतून कुलूप असते. त्याला बिटलॉकर म्हणतात. बायोसमधले सिक्युअर बूट किंवा टीपीएम बदलले की विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकते. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात जपलेली असते. बायोसला हात लावण्याआधी ती काढून वहीत लिहून ठेवा. किल्ली नसेल तर वर सांगितलेल्या लिनक्सलाही ते कुलूप उघडत नाही.

नेहमी येणाऱ्या अडचणी

आता सिस्टीम बसवताना घरोघर येणाऱ्या अडचणी क्रमाने पाहू.

१. पेन ड्राइव्ह लावला तरी त्यावरून सुरू होत नाही. बहुतेक वेळा डाऊनलोड केलेली मोठी फाईल नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी केलेली असते. तसे चालत नाही. त्या फाईलपासून सुरू होणारा पेन ड्राइव्ह “तयार” करावा लागतो. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचा मीडिया क्रिएशन टूल हा फुकट प्रोग्रॅम आहे, रूफस नावाचा दुसराही फुकट आहे. पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा, आणि त्यातले आधीचे सारे पुसले जाते हे विसरू नका. मग कॉम्प्युटर सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल, लेनोवो, एसर यांत बहुधा एफ-१२, एचपीमध्ये एफ-९ किंवा एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडायचा.

२. अर्धे काम होते, कॉम्प्युटर बंद होऊन सुरू होतो, आणि पुन्हा पहिल्यापासून भाषा विचारतो. पुष्कळ लोक इथे दोन-तीन तास घालवतात. कारण अगदी साधे आहे. पहिल्या टप्प्यात फाईल डिस्कवर उतरतात. नंतर कॉम्प्युटरने डिस्कवरून सुरू व्हायचे असते, पण पेन ड्राइव्ह लावलेलाच असल्याने तो पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होतो. पहिल्यांदा परत सुरू होताना पेन ड्राइव्ह काढून घ्या, काम पुढे जाईल.

३. “या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही” अशी ओळ येते आणि तिच्यात एमबीआर किंवा जीपीटी हा शब्द असतो. डिस्कची मांडणी एक आणि पेन ड्राइव्ह सुरू केला दुसऱ्या पद्धतीने, एवढाच याचा अर्थ. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेला, एकदा नुसता. बाहेर या आणि दुसरा निवडून पाहा. शेजारचा कोणी “क्लीन नावाची आज्ञा दे, मोकळे होईल” म्हणेल. मोकळे होईल हे खरे, पण पूर्ण डिस्क मोकळी होईल. प्रती काढल्या नसतील तर ती आज्ञा देऊ नका.

४. डिस्कची यादी रिकामीच येते. जुन्या कॅबिनेटच्या कॉम्प्युटरमध्ये वायर काढून, झाकण उघडून डिस्कची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क चांगली असूनही दिसत नाही. तिथे एक जादा ड्रायव्हर लागतो. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर फुकट मिळतो. तो पेन ड्राइव्हवर ठेवून “लोड ड्रायव्हर” दाबले की डिस्क दिसू लागते.

५. काम दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकते, फाईल खराब आहे म्हणते. आधी दुसरा पेन ड्राइव्ह घेऊन पाहा. मग पुढचे यूएसबी छिद्र सोडून कॅबिनेटच्या मागचे वापरून पाहा. डाऊनलोड अर्धवट झाले असेल तर परत करा. एवढ्याने भागले नाही तर रॅमवर संशय घ्यावा. कॉम्प्युटर बंद करून, वायर भिंतीतून काढून, रॅमच्या पट्ट्या बाहेर काढून पुन्हा नीट बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. एका पट्टीवर चालले आणि दुसरीवर अडकले तर चोर सापडला. एवढ्यासाठी अख्खा कॉम्प्युटर बदलायचे कारण नाही.

६. घड्याळात भलतीच जुनी तारीख येते आणि बायोसमध्ये केलेला बदल दुसऱ्या दिवशी पुसलेला असतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. ती संपली आहे. घड्याळजींच्या दुकानातही ती स्वस्तात मिळते.

आणखी एक गोष्ट आपल्या वस्त्यांसाठी महत्त्वाची आहे. काम मध्यावर असताना वीज गेली तर डिस्कवर ना जुने राहते ना नवे. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्या. कॅबिनेटचा कॉम्प्युटर असून यूपीएस नसेल तर आपल्याकडे वीज ज्या वेळी जात नाही तीच वेळ निवडा.

मग कोणती सिस्टीम टाकावी?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची जादा मुदत नाव नोंदवणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्यात आली. आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असे नव्हे. तो चालतोच, पण नवी भोके बुजवली जात नाहीत. अशा कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे होत जाते.

विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही चिप लागते. शिवाय प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्या भगिनीचा कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा निघाला. तिथे बायोसमध्ये कितीही बदल केले असते तरी विंडोज ११ रीतसर बसणार नव्हते. आडवाटा सांगणारे भेटतात, पण त्या वाटेने बसवले तर पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. जुना कॉम्प्युटर विकत घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी विचारावी. आय-३, आय-५ एवढ्यावर भुलू नये. आय-३ नंतरचा आकडा ४१५० असेल तर चौथी पिढी, ८१०० असेल तर आठवी.

ज्यांचा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, त्यांनी तो भंगारात घालू नये. लिनक्स मिंट ही सिस्टीम फुकट आहे. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबीवर बरी चालते, आणि २० जीबी जागा पुरते. तिची बाविसावी आवृत्ती २०२४ साली आली आणि तिला २०२९ च्या एप्रिलपर्यंत आधार आहे. पत्र लिहिणे, हिशेबाचा तक्ता, पीडीएफ, इंटरनेटवरचे फॉर्म ही कामे तिच्यावर होतात. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट की-बोर्ड तिच्यात आहे. अडचण एवढीच, की विंडोजसाठी केलेले काही प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत. टॅलीसारखा प्रोग्रॅम शिकायचा असेल तर आधी क्लासमध्ये विचारून घ्यावे.

ज्यांच्या कॉम्प्युटरवर खरे विंडोज १० किंवा ११ आधीपासून होते, त्यांनी तेच पुन्हा टाकताना किल्लीसाठी पैसे देऊ नयेत. किल्ली विचारल्यावर “माझ्याकडे किल्ली नाही” निवडून तीच होम किंवा प्रो आवृत्ती घ्यावी. इंटरनेट जोडले की विंडोज आपला मदरबोर्ड ओळखून बहुधा आपोआप चालू होते. दोनशे रुपयांत “क्रॅक” टाकून देणाऱ्याला मात्र नाही म्हणा. त्या क्रॅकबरोबर आपल्या कॉम्प्युटरमध्ये आणखी काय शिरले हे आपल्याला कळत नाही.

एक वही ठेवा

या सगळ्यातून एक सवय घ्यायची आहे. कॉम्प्युटरजवळ साधी चाळीस पानी वही ठेवा. बायोसमध्ये किंवा कुठेही काही बदलण्याआधी तिथे काय होते ते लिहा किंवा त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल करून उपयोग झाला नाही तर आधी तो मागे घ्या, मगच दुसरा करा. दिराच्या मुलाने काही वाईट केले नव्हते. मदत म्हणूनच तो दोन दिवस खपला. त्याने लिहून ठेवले असते तर दुकानापर्यंत जावे लागले नसते.

आणि स्क्रीनवरची इंग्रजी ओळ घाबरून पुसून टाकू नका. ती पूर्ण वाचा, शब्दकोश काढा, मुलांकडून अर्थ लावून घ्या. “सापडत नाही” आणि “नाही” या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मशीन बहुधा पहिलीच सांगत असते आणि आपण दुसरी ऐकतो.

आम्हाला पत्र लिहिताना चार गोष्टी जरूर लिहा. कॉम्प्युटर कोणत्या कंपनीचा व प्रोसेसर कोणता, रॅम किती, स्क्रीनवर आलेली ओळ जशीच्या तशी, आणि बंद पडण्याआधी शेवटचे काय बदलले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की निम्मे काम झाले.

आता मनमाडचे काय झाले ते सांगतो. फोटो दोन ठिकाणी उतरवून झाल्यावरच मुलीने लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. आठवडाभर तसेच वापरले आणि मग रविवारी स्वतःच्या हाताने डिस्कवर बसवले. पेन ड्राइव्ह वेळेवर काढायला चुलत भाऊ शेजारी बसला होता. बावीस हजार वाचले. त्या भगिनीने नंतर कळवले, की फोटोंपैकी एक त्यांनी मोठा करून घेतला आहे. मुलीच्या बाबांनी कॉम्प्युटर घरी आणला त्या दिवशीचा तो आहे, खोका अजून उघडलेला नाही आणि ते त्याच्यावर हात ठेवून उभे आहेत.